जुना छोटा ट्रॅक्टर घेताय? आधी सायलेन्सरात बोट घाला

गेल्या दिवाळीत भाचा मोबाईल घेऊन माझ्यापुढं बसला. "मामा, सत्तावीस एचपीचा जुना ट्रॅक्टर बघून ठेवलाय. खरं हा माणूस म्हणतोय, डीपीएफ जाम झाला की ट्रॅक्टर भंगारात." डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. व्हिडिओतला माणूस अमेरिकेतला. मागं मका, पुढं पस्तीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर, हातात काळाकुट्ट फिल्टर. भाच्याची झोप उडालेली. विसार द्यायचा की नाही हे त्या मक्यातल्या बाबावर अडलं होतं.

त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो. मी बेळगावच्या उद्यमबागेत डिझेल पंप-नोझलच्या वर्कशॉपात अकरा वर्षं काढली, मग गावी येऊन शेती धरली. पाच एकर, त्यात भात, बटाटा, रताळी. हात काळे करणं सुटलं तरी महिन्यातून एखादा येतोच, "जरा ट्रॅक्टर बघायला चला की." चहा-नाष्ट्यावर जातो. निपाणी, संकेश्वर, अथणी, पलीकडं चंदगड-गडहिंग्लजपर्यंत फिरणं झालंय.

आधी त्या व्हिडिओचं. अमेरिकेत 19 किलोवॅटच्या, म्हणजे साधारण 25 एचपीच्या वरच्या इंजिनांना 2013 पासून धुरातल्या काजळीचा नियम एवढा कडक झाला, की तिथल्या पुष्कळ छोट्या ट्रॅक्टरना डीपीएफ बसवावा लागला. म्हणून तिकडं 25 च्या जरा खाली बसणारे ट्रॅक्टर खूप विकले जातात. आपल्याकडं ही रेघ 37 किलोवॅटवर, म्हणजे 50 एचपीच्या आसपास आहे. 1 जानेवारी 2023 पासून त्या रेघेच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-4, म्हणजे ट्रॅक्टरच्या धुराचा नवा सरकारी नियम, लागू झाला. खालचे तेव्हा जुन्या ट्रेम-3ए वरच राहिले, आणि तो नियम 2010-11 पासूनचा. भाच्याच्या सत्तावीस एचपीवाल्याला डीपीएफ नाही, धूर साफ करायला लागणारा युरिया नाही, कॉम्प्युटर नाही. ज्या भुताला तो भ्यायला होता ते त्याच्या वाड्यात नव्हतंच. त्या ट्रॅक्टरात दुसरी भुतं होती, ती पुढं सांगतो.

पाटी वाचल्याशिवाय बॉनेट उघडू नका

यार्डातला माणूस "नवीन मॉडेल आहे, साहेब" म्हणतो तेव्हा मान डोलवा आणि खाली वाकून इंजिनावरची आणि चॅसिसवरची पाटी वाचा. बनावटीचा महिना-वर्ष बघा. नोंदणीची तारीख फसवते. 2022 च्या शेवटी बनलेला ट्रॅक्टर डीलरकडं उभा राहून 2023 मध्ये पासिंग झालेला असू शकतो. आरसीच्या ऑनलाइन माहितीत उत्सर्जनाच्या नियमाचा रकाना असतो, तिथं ट्रेम-3ए की ट्रेम-4 ते दिसतं. पाटी आणि आरसी जुळली नाही तर तिथूनच मोटरसायकलला किक मारा.

बॉनेटवरच्या आकड्यावर विसंबू नका. बॉनेटवर 50 किंवा 55 लिहिलेलं असतं, ते मॉडेलचं नाव असतं. खरी एचपी कागदावर. पन्नासच्या जरा आत बसवलेले ट्रॅक्टर आपल्याकडंही बरेच आहेत, अगदी अमेरिकेतल्या पंचवीसच्या खेळासारखे. वाईट नाहीत ते. पण घेणाऱ्याला ठाऊक पाहिजे आपण रेघेच्या कुठल्या बाजूचं घेतोय, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर वेगळी होते.

रेघेच्या खालचा: पहाटे जा

2017 साली मी स्वतः फसलोय, म्हणून हे आधी. अथणीकडचा बावीस एचपीचा, द्राक्षबागेत ब्लोअरवर चाललेला. आम्ही सकाळी दहाला पोचलो तर ट्रॅक्टर चालूच होता. "आत्ताच बागेतनं आणलाय." एका हाकेत स्टार्ट, धूर नावाला नाही. पंपाचं काम केलेला माणूस मी, आणि तरी गरम इंजिनावर भुललो. पहिल्या थंडीत सकाळी सहाला किल्ली फिरवली तर पांढऱ्या धुरात गोठ्यातली म्हैस दिसेना. तिसऱ्या महिन्यात रिंगा, लायनर, हेड, सगळं उघडलं. बायको अजून पाहुण्यांना सांगते, "आमच्यातले हे ट्रॅक्टर लई चांगले बघत्यात."

म्हणून आता पहाटे जातो, तेही न सांगता. गेल्या गेल्या पहिल्यांदा हात सायलेन्सरवर आणि रेडिएटरच्या टाकीवर. कोमट लागला तर दोन तास चहा प्यायचा, गावात फिरून यायचं. डिसेंबरात आपल्याकडं पहाटे चांगलाच गारठा असतो, इंजिनाची खरी तब्येत तेव्हाच कळते. काही छोट्या जपानी इंजिनांना ग्लो प्लग असतात. त्यांना आधी तापवायचा वेळ द्या, नाहीतर चांगल्या इंजिनालाही नावं ठेवून याल.

सुरू झाल्यावर मिनिट-दोन मिनिटं पांढरट धूर चालतो. इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला तर कॉम्प्रेशन गेलंय किंवा नोझल थेंब गाळतोय. पांढऱ्याला गोडसर वास असेल तर कूलंट आत जातोय, हेड किंवा गॅस्केट. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. काळ्यावर लगेच घाबरू नका. खानापूरच्या तांबड्या धुळीत चाललेल्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर नुसता धुतला तरी निम्मा काळा जातो. आधी तो उघडायला लावा.

मग ऑइल भरायचं झाकण. इंजिन चालू ठेवून झाकण काढा आणि उलटं करून नुसतं त्या तोंडावर ठेवा. जागच्या जागी जरा थरथरलं तर ठीक. उड्या मारून खाली पडलं, आत हुक्क्यासारखी वाफ दिसली, तर रिंगा संपल्यात. गरम इंजिनावरही हे लपत नाही. 2017 ला हे एवढं केलं असतं तर.

आता ते दुसरं भूत. ट्रेम-3ए च्या छोट्या ट्रॅक्टरात धुराचा नियम पाळायचं काम मुख्यतः डिझेल पंप आणि नोझल करतात. काहींना साधा ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात पाठवणारी झडप असते, बाकी नाहीच काही. त्यामुळं "इमिशन सिस्टिम बिघडली" म्हणजे इथं बहुतेक वेळा कुणीतरी पंप वाढवलाय. चिकोडी, रायबाग, अथणीच्या ऊसपट्ट्यात हे सर्रास. गाळप सुरू झालं की कमी एचपीच्या इंजिनामागं भरलेली ट्रॉली जोडायची आणि चढावर दम लागतो म्हणून पंपाचा स्क्रू फिरवायचा. ताकद येते. धूर पण येतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि पिस्टनच्या डोक्याची वाट लागते.

हे ओळखायला पंप खोलायची गरज नाही. जास्तीत जास्त डिझेल ठरवणाऱ्या स्क्रूवर कंपनीचं शिशाचं सील किंवा टोपी असते. तार तुटलेली, टोपी गायब, स्क्रूच्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे, भोवतीचा रंग उडालेला, एवढं दिसलं की विचारायचं, "कुणाकडं पंप केला?" चांगल्या माणसाकडं कॅलिब्रेशन, म्हणजे पंप कंपनीच्या मापाला लावून घेतला असेल तर तो बिल दाखवतो, दुकानाचं नाव सांगतो, आणि दुकानदार नवं सील मारतो. नुसतं "मेस्त्रीनं सेटिंग केलंय" असं आलं तर वाढवलेलाच समजा. आमच्या वर्कशॉपात बैलहोंगलकडचे एक काका दर हंगामानंतर यायचे, "होगी भाळ बर्तैत्री" म्हणत. धूर भरपूर येणारच हो, तुम्हीच वाढवून नेला होता की.

पंप वाढवलेला ट्रॅक्टर घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. कॅलिब्रेशन आणि नोझलचा खर्च किमतीतून कापा आणि घ्या. फक्त पिस्टन-हेडची खात्री आधी करा, म्हणजे वरचं झाकण आणि पहाटेचा धूर.

आवर मीटरबद्दल एक. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरचा मीटर केबलवर चालतो आणि ठराविक आरपीएमला एक तास मोजतो. इंजिन आयडलवर तासभर फुरफुरलं तर तिथं अर्धाही पडत नाही. द्राक्षबागेतला ट्रॅक्टर मात्र ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअर लावून चढ्या आरपीएमवर पळतो, त्याचा तास पुरता तास असतो. आकडा कमी दिसला की क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, टायरची नक्षी बघा, सीटखालचा गंज बघा. केबल काढून ठेवली असेल तर मीटर खोटं बोलत नाही, गप्प बसतो.

रेघेच्या वरचा: आता डीपीएफ

2023 नंतर बनलेले पन्नासच्या वरचे ट्रॅक्टर आता जुन्या बाजारात यायला लागलेत. हप्ते थकले की यार्डात दिसतात. किंमत बघून तोंडाला पाणी सुटतं. घ्यायला हरकत नाही, पण आत काय असतं ते समजून घ्या.

पंपाच्या जागी कॉमन रेल, म्हणजे सीआरडीआय. डिझेल फार मोठ्या दाबानं रेलमध्ये साठतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सांगेल तेव्हा इंजेक्टर फवारतो. ईजीआर एक्झॉस्टमधला थोडा धूर थंड करून परत आत पाठवतो, त्यानं ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे वायू कमी होतात. त्यापुढं डीओसी, म्हणजे धुरातले वायू जाळणारा कॅटॅलिस्ट, आणि काही मॉडेलना त्याला जोडून डीपीएफ. सगळ्यांना असतोच असं नाही. मॉडेलचं मॅन्युअल मागून घ्या.

डीपीएफ म्हणजे मातीच्या भांड्यासारखी, मधाच्या पोळ्यागत बारीक भोकांची पोळी समजा. काजळी तिच्या भिंतीत अडकते. ट्रॅक्टर दमात नांगर ओढत असेल तर एक्झॉस्ट तापतो आणि काजळी आपोआप जळत जाते. तेवढं तापलं नाही तर ईसीयू जादा डिझेल सोडून पोळीचं तापमान सहाशे अंशांच्या घरात नेतो आणि जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात, आमच्यातले मेस्त्री "रिजन मारणे" म्हणतात. काजळी जळते, पण ऑइलमधल्या धातूंची राख राहते. ती काही हजार तासांनी पोळी काढून साफ करावी लागते.

म्हणजे डीपीएफला मारतं ते हलकं काम. माझ्या चुलतभावानं सीमेपलीकडून पंचावन्न एचपीचा 2023 चा घेतला. तास अगदी कमी, टायर नवे, रंग चकचकीत. मी तेव्हा बटाट्याच्या काढणीत होतो, गेलो नाही. आधीच्या मालकानं तो मांडववाल्याकडं डायनामो फिरवायला लावला होता. दिवसभर हलक्या लोडवर फुरफुर, रिजन सुरू झालं की आवाज वाढतो म्हणून किल्ली बंद. डॅशबोर्डवरच्या डीपीएफच्या दिव्यावर गणपतीचा स्टिकर चिकटवलेला. भावाला वाटलं, माणूस देवभोळा. ऐन ऊसतोडीत इंजिनानं ताकद सोडली, चौथ्या गिअरमध्ये रिकामी ट्रॉली ओढेना. लॅपटॉप लावून जबरदस्तीचं रिजन करून बघितलं, पुरं होईना. पोळी काढून साफ करायला पाठवली. अकरा दिवस ट्रॅक्टर दारात आणि ऊस फडात.

तेव्हापासून स्टिकर दिसला की मी आधी तो उचलतो.

असा ट्रॅक्टर बघायचा माझा क्रम असा. किल्ली ऑन करायची, स्टार्ट नाही. डॅशबोर्डचे सगळे इशाऱ्याचे दिवे क्षणभर पेटले पाहिजेत आणि स्टार्ट झाल्यावर विझले पाहिजेत. जो पेटलाच नाही तो दिवा काढलाय किंवा झाकलाय. मग डिपस्टिक. ऑइल मॅक्सच्या वर चढलं असेल तर ते आनंदानं घातलेलं नसतं. अर्धवट तोडलेल्या रिजनमधलं डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असतं. बोटावर घेऊन चोळा, हुंगा. पातळ झालेलं ऑइल आणि डिझेलचा वास आला तर बेअरिंगचाही भरवसा सोडा.

आता बोट. इंजिन थंड असताना तर्जनी एक्झॉस्टच्या तोंडात घालून आतून फिरवा. डीपीएफ धड असेल तर बोट जवळजवळ कोरं निघतं, फार तर राखाडी. तव्याच्या बुडासारखं काळं झालं तर पोळी फुटलीय, नाहीतर कुणीतरी आतून कोरून रिकामी केलीय. गडहिंग्लजजवळ एका वाड्यात माझं बोट असंच काळं निघालं. मालक म्हणाला, "डिझेलचा धूर काळाच असतोय." मी खाली वाकलो तर डीपीएफच्या डब्याला कंपनीच्या शिवणीशिवाय आणखी एक वेल्डिंगची रेघ, वर चंदेरी रंग फासलेला. आम्ही चहा न घेता उठलो. (रेघेच्या खालच्या ट्रॅक्टरचं बोट काळं निघतंच, त्यात काही नाही. तिथं फक्त काजळी कोरडी आहे की ऑइलनं चिकट, एवढं बघा.)

डबा रिकामा करून ईसीयूला गप्प बसवणारे भेटतात आणि "कटकट गेली" म्हणून वाखाणतात. एकतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली कंपनीनं दिलेल्या रचनेत असा बदल करायला बंदी आहे. वर ईसीयूत काय काय फिरवलंय ते पुढच्या मेस्त्रीला कळत नाही, आणि डीलर वॉरंटीच्या नावानं हात वर करतो. परत मूळ करायला पोळी, सेन्सर, सॉफ्टवेअर, सगळं नव्यानं. असला ट्रॅक्टर स्वस्तात मिळाला तरी मी घेणार नाही.

मग लोड. यार्डात घुर्र करून काही कळत नाही. रोटर लावा आणि मालकाच्या रानात अर्धा-पाऊण तास चालवा. एक्झॉस्ट नीट तापला पाहिजे. ताकद उतरते का, दिवा लागतो का, पाण्याचा काटा चढतो का. कूलंट मधूनमधून कमी होतं पण खाली गळती दिसत नाही, अशी तक्रार निघाली तर ईजीआर कूलर आतून फुटल्याची शंका घ्या.

शेवटचं आणि सगळ्यात उपयोगाचं: चॅसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, लॅपटॉप लावून घ्या. ईसीयूत इंजिनाचे तास आणि जुने फॉल्ट कोड असतात, पुष्कळ गाड्यांत काजळीचा भरणाही दिसतो. डॅशबोर्डचे तास आणि ईसीयूचे तास जुळले पाहिजेत. मालक सर्व्हिस सेंटरला यायला तयार नसेल तर आपलं उत्तर मिळालं. आणि उभ्या ट्रॅक्टरवर रिजन करताना पिंजराच्या गंजीपासून, उसाच्या पाचटापासून लांब, मोकळ्या रानात उभा करा. सहाशे अंश म्हणजे चेष्टा नाही.

कॅनमधलं डिझेल

आपल्या सीमाभागाची एक खोड आहे. अलीकडं-पलीकडं डिझेलचा दर वेगळा, म्हणून कॅन भरून आणायचे आणि गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवायचे. पावसाळ्यात त्या कॅनात पाणी जमतं. जुना पंप तेवढं सोसतो, कुरकुरतो, चालतो. कॉमन रेलचे इंजेक्टर पाण्यानं गंजतात, आणि एकाला लागलेला खर्च चौघांना लागतो. म्हणून डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नळ उघडून काचेच्या बाटलीत घ्या, उन्हात धरा. खाली वेगळा थर दिसला किंवा गंजाचे कण दिसले तर इंजेक्टरची तपासणी होईपर्यंत विसार नाही. पेट्रोल पंपावरचं डिझेल आता चांगलंच आहे, 1 एप्रिल 2020 पासून देशभर 10 पीपीएम गंधकाचं मिळतं. घाण करतो ती आपण, कॅनमध्ये.

ऑइलचंही तसंच. डीपीएफवाल्याला कमी राखेचं ऑइल लागतं, सीजे-4 किंवा सीके-4, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. शेजारच्या जुन्या ट्रॅक्टरचं उरलेलं घालून पैसे वाचवणाऱ्याची पोळी राखेनं लवकर भरते. सर्व्हिसची बिलं मागा आणि त्यावर ऑइलचा ग्रेड वाचा.

कागदाचं थोडक्यात. एमएच-09, एमएच-10 चा ट्रॅक्टर केए-22 किंवा केए-23 ला आणायचा तर तिकडच्या आरटीओची एनओसी फॉर्म 28 वर, नावबदलाला 29 आणि 30, बोजा असेल तर बँकेचा फॉर्म 35. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवली तर नवीन नोंदणी करावी लागते. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, मालक सख्खा पाहुणा असला तरी.

भाच्यानं तो सत्तावीसवाला घेतला. पहाटे पाऊणे सहाला आम्ही दोघं अंगणात उभे, मालक कांबळं पांघरून बाहेर आला. झाकण थरथरलं, पडलं नाही. पंपाच्या सीलची तार मात्र तुटलेली, त्यापोटी किमतीत कापून घेतलं. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी ऑइल, ऑइल फिल्टर, दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, एअर क्लीनर धुतला, टाकी उपसली. टाकीच्या तळाला वाटीभर गढूळ पाणी आणि एक गुटख्याची पुडी निघाली. दुसऱ्या आठवड्यात पंप उतरवून उद्यमबागेत माझ्या जुन्या जागी नेला, कंपनीच्या मापाला आणून नवं सील मारलं. आवर मीटरचा आकडा आणि तारीख मडगार्डच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहून ठेवलीय, पुढचं ऑइल कधी ते विसरू नये म्हणून.